समुद्राचा जिवंत नमुना बर्फात घालू नका

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: नाशिकच्या कॉलेजात एम.एस्सी.चा प्रकल्प, विषय समुद्रातले नायट्रोजन स्थिर करणारे (हवेतला नायट्रोजन सजीवांना वापरता येईल अशा रूपात आणणारे) सहजीवी, म्हणजे दुसऱ्या जीवाच्या सोबतीने राहणारे, सूक्ष्मजीव. डहाणूहून होडीने जाऊन पाणी घेतलं, थर्माकोलच्या पेटीत बर्फात ठेवून जव्हार-त्र्यंबकमार्गे रात्री नाशिकला आणलं, दुसऱ्या दिवशी अ‍ॅशबी अगारवर (नायट्रोजन न घातलेलं जेलीसारखं माध्यम) पसरलं आणि १४ कॉलनी (जीवाणूंचे ठिपके) आल्या. आता बाहेरचे परीक्षक विचारतायत, हे सहजीवी कशावरून?

परीक्षकांचं बरोबर आहे, पण पहिली चूक प्लेटवर झालेली नाही, ती पेटीत झाली. याच पेटीपायी माझा एक अख्खा हंगाम गेला, म्हणून त्यावरच जास्त लिहितो. एका तपासणी केंद्राच्या (नाव घेत नाही) खिडकीवर छापील तक्ता होता: नमुना बर्फात, १० अंशांच्या खाली, २४ तासांच्या आत. हा नियम पिण्याच्या पाण्यातल्या कोलीफॉर्मसाठी आहे आणि तिथे तो योग्यच आहे, कारण वाटेत जीवाणूंची संख्या बदलू नये एवढाच त्याचा हेतू. पण तोच तक्ता समुद्राच्या प्लँक्टनलाही (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) लावायचा, बर्फाशिवाय आलेली बाटली परत पाठवायची आणि कारण विचारलं तर ‘नियम आहे’ म्हणायचं, याने विद्यार्थ्यांचं केवढं नुकसान होतं याची त्यांना कल्पनाच नाही. तुमच्या गाइडनाही ही सवय तिकडूनच लागली असणार.

बर्फाने होतं काय? आपल्याकडचे डायटम (काचेसारख्या कवचाची एकपेशीय शैवालं) २७-२८ अंशांच्या पाण्यातले. ते थेट ४ अंशांवर नेले की त्यांची पटलं गळायला लागतात, साखळ्या तुटतात. ऱ्हायझोसोलेनिया किंवा हेमिऑलस या डायटममध्ये राहणारा रिचेलिया हा सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू) यजमानाबरोबरच मरतो. मेलेल्या पेशींतून अमिनो आम्लं आणि अमोनिया पाण्यात उतरतो. बाटली प्रयोगशाळेत आली, खोलीच्या तापमानाला आली, की त्या आयत्या अन्नावर साधे परपोषी जीवाणू वाढतात. हेच जीवाणू तुम्ही अ‍ॅशबीवर पसरलेत. अ‍ॅशबीत नायट्रोजन ‘घातलेला नसतो’ एवढंच; अगारमध्ये थोडा असतो, नमुन्याच्या थेंबाबरोबर थोडा येतो, हवेतूनही अमोनिया मिळतो. तेवढ्यावर बारीक, पारदर्शक कॉलनी सहज उगवतात. तीच कॉलनी ताज्या प्लेटवर सलग तीन-चार वेळा फिरवा. बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वेळी विरळ होतील.

आणि खरा सहजीवी प्लेटवर येईल अशी अपेक्षाच ठेवू नका. हेमिऑलसमधल्या रिचेलियाच्या जीनोममधून नायट्रेट वापरायची, अमोनियम आत ओढायची जनुकं गेलेली आहेत. यजमानाबाहेर त्याचं चालत नाही. यूसीवायएन-ए हा दुसरा सहजीवी सायनोबॅक्टेरिया तर त्याहून पुढे गेला. त्याच्याकडे प्रकाशसंश्लेषणातली ऑक्सिजन तयार करणारी प्रणाली (फोटोसिस्टिम-२) नाही, कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर नाही, जीनोम जेमतेम १४.४ लाख बेसजोड्यांचा. २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या कामानुसार ब्रारुडोस्फेरा बिगेलोवाय या शैवालात तो पेशीच्या विभाजनाबरोबर विभागला जातो आणि बरीच प्रथिनं यजमानाकडून घेतो, म्हणून त्याला आता नायट्रोप्लास्ट हे पेशीअंगक मानतात. अंगक अगारवर कसं वाढेल? हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठीतला मेसोऱ्हायझोबियम हा सहजीवी जीवाणू आपण यीस्ट-मॅनिटॉल अगारवर सहज वाढवतो, त्यामुळे ‘सहजीवी म्हणजे वेगळा करता येतोच’ हे डोक्यात बसलेलं असतं. समुद्रात ते गृहीत धरू नका.

पुढच्या फेरीला किनाऱ्यावरच नमुन्याचे तीन वाटे करा.

पहिला, जिवंत. २० मायक्रॉनचं नायलॉन जाळं, होडी अगदी सावकाश, ५ ते १० मिनिटं. जाळ्याच्या टोकाच्या बाटलीत दाट खिचडी जमली तर ती लगेच त्याच समुद्राच्या पाण्यात किमान दहापट पातळ करा, नाहीतर तासाभरात आतला ऑक्सिजन संपतो. ५ लिटरचा कॅन अर्धा ते दोन-तृतीयांशच भरा, वर ओलं गोणपाट गुंडाळा, बर्फ नाही. गाडीत उन्हात ठेवू नका. डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर नाशिकला पोचल्यावर कॅन व्हरांड्यात ठेवू नका. निफाडकडची थंडी माहीतच आहे, इथली रात्रही बर्फाच्या पेटीचंच काम करते. बंद खोलीत, २६-२८ अंशांना, ट्यूबलाइटच्या मंद उजेडात ठेवा.

दुसरा वाटा सूक्ष्मदर्शकासाठी. बोरॅक्सने उदासीन केलेलं फॉर्मालिन, बाजारातल्या द्रावणाचे २ मिली दर १०० मिली नमुन्याला. बाटली काळ्या कागदात. इथे थंडी चालते. लुगॉल आयोडीन वापरू नका: पेशी तपकिरी होतात आणि जी चमक बघायची तीच झाकली जाते.

तिसरा डीएनएसाठी: १ ते २ लिटर पाणी आधी १० मायक्रॉनच्या, मग ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून. मोठे डायटम पहिल्या गाळणीवर राहतात, यूसीवायएन-ए दुसरीवर. गाळण्या घडी घालून बर्फात. तुमची थर्माकोलची पेटी एवढ्यासाठी न्या.

जागेबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. डहाणूजवळचं पाणी भरती-ओहोटीने गढूळ असतं. तांडेलला गढूळ पट्टा ओलांडून न्यायला सांगा. पैसे जास्त पडतील, पण किनाऱ्यालगतचं पाणी आणून काही मिळायची शक्यता कमी. शक्य असेल तर सूक्ष्मदर्शकच सोबत न्या आणि पहिला थेंब तिथेच बघा. मे अखेरच्या आत जा, जूनपासून मासेमारीबंदी. आणखी एक: पाण्यावर भुशासारखा पिवळट-तपकिरी तवंग दिसला तर तो ट्रायकोडेस्मियम. तोही नायट्रोजन स्थिर करतो, पण स्वतंत्र राहतो. त्याला सहजीवी लिहू नका.

फ्लोरोसन्स सूक्ष्मदर्शकात हिरव्या प्रकाशाचा फिल्टर लावा. डायटमचं क्लोरोफिल मंद लाल दिसतं आणि रिचेलियाची आखूड तार (एकापुढे एक जोडलेल्या पेशी) फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळे नारिंगी-पिवळी उजळते. तारेच्या एका टोकाला जरा मोठी, गोल पेशी असते: हेटरोसिस्ट, नायट्रोजन स्थिरीकरण तिथे चालतं. ऱ्हायझोसोलेनियाच्या लांब नळीत अशा तारा सहसा टोकांजवळ असतात. हा एक फोटो तुमच्या १४ कॉलन्यांपेक्षा जास्त बोलेल.

अ‍ॅसिटिलीन चाचणी (नायट्रोजन स्थिर करणारं विकर या वायूचं इथिलीन करतं, ते मोजायचं) करायची असेल तर जिवंत वाट्यावर, दिवसा, पोचल्या दिवशीच. ६० मिलीची रबरी बुचाची बाटली, वरच्या हवेच्या १० टक्के अ‍ॅसिटिलीन, ०, २, ४ आणि ६ तासांना १ मिली हवा जीसीवर (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र). वेल्डिंगच्या दुकानातल्या कार्बाइडपासून गॅस केलात तर त्यात मुळातच थोडं इथिलीन असतं. म्हणून पेशीविना अ‍ॅसिटिलीन आणि अ‍ॅसिटिलीनविना पेशी, असे दोन कंट्रोल प्रत्येक वेळी लावा. ते नसतील तर आकडा लिहूच नका. आणि तांब्याची नळी कुठेही जोडू नका, कॉपर अ‍ॅसिटिलाइड स्फोटक असतं. गाइड काहीही म्हणोत, यात तडजोड नाही.

नायट्रोजन स्थिरीकरणाच्या निफ-एच जनुकाचा नेस्टेड पीसीआर (जनुकाच्या प्रती दोन टप्प्यांत वाढवणं) केलात तर शेवटी सुमारे ३५९ बेसजोड्यांची पट्टी येते. पण ती निव्वळ पाण्याच्या नळीतही येऊ शकते, कारण रसायनांमध्येच इतर जीवाणूंचं निफ-एच मिसळलेलं असू शकतं. या पाण्याच्या (नकारात्मक) नळीत पट्टी दिसली तर त्या जेलचा फोटो प्रबंधात लावू नका, आणि सीक्वेन्स केल्याशिवाय नाव देऊ नका.

मी तुमच्या विद्यापीठाचा परीक्षक नाही, प्रबंधाचे नियम तुमच्या विभागात विचारून घ्या. माझ्या मते या १४ कॉलन्यांवरचं प्रकरण प्रबंधातून वगळू नका, फक्त शीर्षक बदला: ‘नायट्रोजन न घातलेल्या माध्यमावर वाढलेले सागरी परपोषी जीवाणू’. तेवढं तुमच्याकडे खरोखर आहे. आणि तुम्ही शेवटी लिहिलंय की होडीतच फॉर्मालिन घातलेली एक छोटी बाटली कपाटात पडून आहे. पुन्हा डहाणूला जायच्या आधी ती काढा, हलवू नका, तळाचा थेंब ड्रॉपरने घ्या आणि अंधाऱ्या खोलीत हिरव्या फिल्टरखाली बघा.