फक्त ‘1’ लिहून घरी येऊ नका

तुमचं पत्र मिळालं. मार्चमध्ये डब्लिनला येताय, नोकरीचं क्रिटिकल स्किल्स परमिट हातात आहे, सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी. घरभाडं, शाळा आणि तूरडाळ कुठे मिळते, हे तुम्हाला आतापर्यंत दहा जणांनी सांगितलं असेल. मी उत्तर देते ते तुम्ही शेवटी जरा संकोचून विचारलेल्या प्रश्नाचं: नागरिक नसताना तिथल्या निवडणुकांशी आपला काही संबंध असतो का, आणि त्यांचे ते दोन जुने पक्ष, फिने गेल आणि फियाना फॉइल, एकसारखेच का वाटतात?

संबंध असतो, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर येतो. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीला नागरिकत्वाची अट नाही. वय 18 पूर्ण आणि राहायला इथे, एवढं पुरतं. पीपीएस नंबर (इथला आधारसारखा ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि घराचा आयर्कोड (इथला पिनकोड) घेऊन मतदार नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर बसलात की दहा मिनिटांचं काम आहे. मत तर देता येतंच, उभंही राहता येतं. नायजेरियाहून आश्रय मागत आलेले रोटिमी अदेबारी 2007 मध्ये पोर्टलीशचे महापौर झाले, आणि 2024 मध्ये साउथ डब्लिनच्या महापौरपदी मूळचे केरळचे बेबी पेरेप्पाडन आले. माझा चुलत भाऊ जर्मनीत बारा वर्षं कर भरतोय, त्याला अजून गावच्या कौन्सिलसाठीसुद्धा मत नाही.

एक सावधगिरी मात्र आत्ताच सांगून ठेवते. मतदार यादीत आयरिश नागरिक नसलेल्यांच्या नावापुढे एक अक्षर असतं. तुमच्यापुढे ‘एल’ येईल, म्हणजे फक्त स्थानिक. युरोपीय संघाच्या नागरिकांना त्यासोबत युरोपीय संसदेचं मत मिळतं, ब्रिटिशांना डॉलचं, म्हणजे इथल्या लोकसभेचं, आणि राष्ट्राध्यक्षपद व सार्वमत फक्त आयरिश नागरिकांसाठी. कधी चुकून तुमच्या नावाने भलत्याच निवडणुकीचं कार्ड आलं, तर ‘आलंय तर देऊन टाकू’ असं करू नका. तो गुन्हा आहे, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात वर्तणूक तपासतात तेव्हा नसतं झेंगट नको.

आता माझी फजिती. मी 2012 मध्ये आले, मे 2014 मध्ये पहिलं मत दिलं. शाळेतलं केंद्र, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल, बोटाला शाई नाही (त्यामुळे मत दिल्यासारखंच वाटेना). मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो होते. मला आवडलेल्या बाईंपुढे मी ‘1’ लिहिलं, कागद पेटीत टाकला आणि मोठं काम केल्याच्या थाटात घरी आले. शेजारच्या आजोबांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, ‘आणि दोन? तीन?’ मी म्हटलं, मला बाकीचे कुणी नकोच आहेत. ते हसले. दोन दिवसांनी त्यांनीच सांगितलं, तुमच्या बाई तिसऱ्या फेरीत बाद झाल्या आणि तुमची मतपत्रिका तिथेच थांबली.

ही पद्धत आपल्याला खरं तर अनोळखी नाही. आपल्याकडे राज्यसभेला आणि पदवीधर मतदारसंघाला ‘पहिल्या पसंतीची मतं’, ‘कोटा’ असे शब्द दर वेळी पेपरात येतात आणि आपण ते पान उलटतो. इथे तीच पद्धत सगळ्या जनतेसाठी आहे. डॉलच्या एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच जण निवडून येतात. समजा जागा चार आहेत आणि वैध मतं 40,000. त्याला पाचाने भागायचं आणि एक मिळवायचा: 8,001 हा झाला कोटा. तो गाठला की उमेदवार निवडून आला, आणि त्याची जादा मतं त्याच्या मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे जातात. कुणीच कोटा गाठला नाही तर सगळ्यात खालचा बाद, आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या आकड्याप्रमाणे इतरांच्या गठ्ठ्यांत. जागा भरेपर्यंत हेच चालतं. त्यामुळे पाच, सहा, सात असे आकडे लिहीत गेल्याने तुमच्या पहिल्या पसंतीचं काहीच नुकसान होत नाही. तिचं काम संपल्यावरच पुढचा आकडा बघितला जातो. अगदी नको असलेल्या उमेदवाराला शेवटचा आकडा देऊन ठेवायचा, हा इथल्या लोकांचा आवडता सूड आहे.

या खालच्या आकड्यांनी राष्ट्राध्यक्षसुद्धा ठरला आहे. 1990 मध्ये ब्रायन लेनिहन यांना पहिल्या पसंतीची 44 टक्के मतं होती, मेरी रॉबिन्सन यांना 39. आपल्या पद्धतीत निकाल तिथेच लागला असता. पण तिसरे उमेदवार ऑस्टिन करी बाद झाले, त्यांच्या मतदारांपैकी बहुतेकांनी ‘2’ रॉबिन्सन यांना दिला होता, आणि देशाला पहिली महिला राष्ट्राध्यक्ष मिळाली.

असली किचकट पद्धत इथे आली कशी? तर ब्रिटिशांनी आणली. डिसेंबर 1918 च्या निवडणुकीत जुन्याच पद्धतीने, म्हणजे ज्याला जास्त मतं तो विजयी, स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाने ब्रिटिश संसदेतल्या आयर्लंडच्या 105 पैकी 73 जागा घेतल्या. लंडनला न जाता त्यांनी 21 जानेवारी 1919 रोजी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये स्वतःची संसद भरवली, तीच पहिली डॉल. काउंटेस मार्किएविच याच निवडणुकीत जिंकल्या: ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली पहिली स्त्री, आणि तिथे पाऊलही न ठेवलेली. शिन फेनचा हा पूर अडवायचा आणि अल्पसंख्याकांना जागा मिळवून द्यायच्या, म्हणून ब्रिटिशांनी 1919 मध्ये आधी स्लायगो शहरात आणि पुढच्या वर्षी बेटावरच्या सगळ्या स्थानिक निवडणुकांत पसंतीक्रमाची पद्धत लावली. ब्रिटिश गेले, पद्धत राहिली. 1922 च्या राज्यघटनेने 21 वर्षांवरच्या स्त्रीपुरुषांना सरसकट मत दिलं. इंग्लंडच्या बायकांना त्यासाठी 1928 उजाडावं लागलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही 1922 मध्येच आहे. आयर्लंडच्या स्वातंत्र्याबद्दल ब्रिटनशी झालेला तह डॉलने जानेवारी 1922 मध्ये 64 विरुद्ध 57 मतांनी मान्य केला, आणि सहा महिन्यांच्या आत कालचे साथीदार एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. तहाच्या बाजूचे ते पुढे फिने गेल झाले. विरोधकांतून एमन डी व्हॅलेरा यांनी 1926 मध्ये फियाना फॉइल काढला. आर्थिक धोरणात दोघांत मोठं अंतर नाही, हे तुमचं निरीक्षण बरोबरच आहे. फरक होता तो आजोबा कुणाच्या बाजूने लढले याचा. आमच्या शेजारच्या आजोबांच्या घरात तीन पिढ्या फियाना फॉइल. ‘फिने गेल चांगला पक्ष आहे, माझी मुलगी त्यांच्यातल्या एकाशी लग्न करायची होती, देवाने वाचवलं,’ असं ते म्हणत, आणि त्यात थट्टा किती होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

1932 साल या देशात मला सगळ्यात मोठं वाटतं. यादवी युद्ध हरलेले डी व्हॅलेरा दहा वर्षांच्या आत निवडणूक जिंकले. तहवाले सत्ता सोडतील का, या धास्तीने फियाना फॉइलचे काही सदस्य खिशात पिस्तुलं घेऊन सभागृहात गेले होते, असं सांगतात. काही झालं नाही. जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या हाती राज्य दिलं. तेव्हापासून 2011 पर्यंत प्रत्येक निवडणुकीत फियाना फॉइलच सर्वांत मोठा पक्ष होता. बँका बुडाल्यावर 2011 मध्ये लोकांनी त्यांना 20 जागांवर आणून बसवलं. मग 2020 मध्ये दोन्ही वैरी पहिल्यांदा एका सरकारात आले, कारण पहिल्या पसंतीत शिन फेन दोघांच्या पुढे गेला होता. नोव्हेंबर 2024 नंतरही दोघं एकत्रच आहेत.

फियाना फॉइलला ही पसंतीक्रमाची पद्धत कायम खुपत आली, कारण तिच्यात निर्भेळ बहुमत मिळणं अवघड. 17 जून 1959 रोजी ती मोडण्याचं सार्वमत आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक एकाच दिवशी घेतली. लोकांनी डी व्हॅलेरा यांना राष्ट्राध्यक्ष केलं आणि त्यांचा प्रस्ताव 33 हजारांहून जास्त मतांनी पाडला. 1968 मध्ये पुन्हा विचारलं तर 60 टक्क्यांहून जास्त लोक ‘नाही’ म्हणाले.

मतदान यंत्रांवरून आपल्याकडे चालतात ते वाद ऐकून आलेल्या माणसाला पुढची गोष्ट आवडेल. 2002 मध्ये तीन मतदारसंघांत यंत्रांची चाचणी झाली. डब्लिन नॉर्थमध्ये माजी न्यायमंत्री नोरा ओवेन यांना आपण हरलो हे मंचावर, कॅमेऱ्यांसमोर, एका झटक्यात कळलं. हाताने मोजताना दोन दिवस अंदाज येत जातो, माणूस पडायला तयार होतो, ती उसंत त्यांना मिळाली नाही. ते दृश्य लोकांना रुचलं नाही. 2004 मध्ये यंत्रं तपासायला नेमलेल्या आयोगाने त्यांची खात्री देता येत नाही म्हटलं, आणि 5 कोटी युरोंहून जास्त खर्चून घेतलेली साडेसात हजारांच्या आसपासची यंत्रं गोदामात पडून राहिली. 2012 मध्ये ती भंगारात गेली, सगळी मिळून 70 हजार युरोंना. आजही मोजणी हातानेच होते. कठड्याबाहेर पक्षांचे लोक पाटीवर कागद लावून उलगडणारी एकेक मतपत्रिका बघत खुणा करतात, आणि अधिकृत आकड्याच्या कितीतरी आधी निकाल सांगतात. त्यांना टॅलीमन म्हणतात. आमचे आजोबा चाळीस वर्षं टॅलीमन होते, म्हणून तर माझ्या मतपत्रिकेचं काय झालं ते त्यांना ठाऊक.

वराडकरांचं तुम्ही विचाराल हे गृहीत धरते. मी कुडाळची, त्यामुळे 2017 मध्ये लिओ वराडकर टीशख, म्हणजे पंतप्रधान झाले तेव्हा मला घरून एका दिवसात चौदा फोन आले. वडील मुंबईचे डॉक्टर, आई वॉटरफर्ड काउंटीची नर्स, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. डिसेंबर 2019 मध्ये ते तिथे जाऊनही आले. पण इथल्या मतदाराला त्याचं अप्रूप नव्हतं. फेब्रुवारी 2020 मध्ये आमच्याच डब्लिन वेस्टमध्ये शिन फेनचे उमेदवार पहिल्याच फेरीत निवडून आले, आणि पदावर असलेल्या टीशखला पाचव्या फेरीपर्यंत ताटकळावं लागलं. माझं डॉलसाठीचं ते पहिलं मत. वराडकरांना मी कितवा आकडा दिला ते कुडाळला सांगितलेलं नाही.

ते मत मिळायला नागरिकत्व लागतं, म्हणजे साधारण पाच वर्षांचा मोजणीत धरला जाणारा मुक्काम. विद्यार्थी व्हिसावरचा काळ त्यात धरत नाहीत. तुमचा परमिटवरचा धरतील. आयरिश झालात की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, परदेशी भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळतं, आणि भारतातलं मत जातं. पुढे इथून दुसऱ्या देशात गेलात तर आयरिश मतही गेल्यासारखंच, कारण परदेशी राहणाऱ्या सामान्य आयरिश माणसाला टपालाने मत देता येत नाही. 2018 च्या गर्भपाताबद्दलच्या सार्वमताला पोरं विमानं पकडून घरी आली होती ती त्यामुळेच. नागरिकत्वाचा निर्णय घाईने करू नका, नवराबायकोने बसून करा.

कौन्सिलकडून फार अपेक्षाही ठेवू नका. पोलीस आणि शाळा तिच्याकडे नाहीत, खरी सत्ता मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे, आपल्या आयुक्तांसारखी. पण घरं, वाचनालयं, बागा, रस्त्यावरचे दिवे हे तिथेच ठरतं, आणि नगरसेवक फोन उचलतात. 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, हे तुम्ही वाचलं असेलच. तुमच्या पत्रातली काळजी मला तिथलीच वाटली. त्या महिन्यात मी आमच्या भागातल्या तिघा नगरसेवकांना लिहिलं. दोघांनी दोन दिवसांत उत्तर दिलं, एक घरी येऊन गेली. ‘एल’वाली माणसं मत देतात हे त्यांना यादी बघून पक्कं माहीत असतं.

पुढची स्थानिक निवडणूक 2029 मध्ये आहे, पण नोंदणी तोपर्यंत लांबवू नका. भाड्याच्या घराचा करार झाला आणि पीपीएस नंबर आला की त्याच आठवड्यात करून टाका, आणि घर बदललंत की पत्ताही बदला. पहिल्या दोन वर्षांत तुम्ही निदान एकदा घर बदलालच.