हार्डवेअर वॉलेट नवं घेतलंय? आधी एवढं कर

भाऊ, बिटकॉइनसारख्या क्रिप्टोची किल्ली सांभाळणारं ते छोटं डिव्हाइस जळगावात घरपोच आलं ना? मग घाई नको.

सगळ्यात मोठी गोष्ट: नवं वॉलेट सुरू करताना डिव्हाइसच्या पडद्यावर येणारे १२ किंवा २४ शब्द क्रमाने कागदावर पेनाने लिही. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे नाहीत. खरी किल्ली तेच शब्द. डिव्हाइस तापीत पडलं तरी त्यांच्यावरून पैसे परत मिळतात. खोक्यात शब्द आधीच छापून आले असतील तर ते डिव्हाइस वापरूच नको. शब्द विचारणारा 'सपोर्ट'वाला चोरच समज.

- अ‍ॅप कंपनीच्या साइटवरूनच.
- क्रिप्टो पाठवताना समोरच्याच्या वॉलेटचा पत्ता डिव्हाइसच्या पडद्यावर पूर्ण वाच.
- आधी थोडीच रक्कम टाक. डिव्हाइस रिसेट करून शब्दांवरून ती परत दिसते का बघ, मगच बाकीची.

पासफ्रेज (त्या शब्दांना जोडायचा जादा पासवर्ड), मल्टिसिग (पैसे हलवायला एकापेक्षा जास्त किल्ल्या लागणं) सध्या राहू दे. अडलास तर बिनधास्त विचार, फक्त शब्द मलाही सांगू नकोस.