वाचकांचे प्रश्न : डिनर रोल मऊ का होत नाहीत?

घरी केलेले डिनर रोल, म्हणजे जेवणासोबत खायचे छोटे मऊ पाव, बिघडल्याची तक्रार या वेळी अनेक पत्रांत आहे. त्यांपैकी चार प्रश्न निवडले आहेत. पहिल्याचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण बाकीच्या अडचणींचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते.

प्रश्न : माझे रोल ओव्हनमधून काढल्यावर छान फुगलेले दिसतात, पण गार झाले की घट्ट आणि वातड लागतात. मळताना गोळा हाताला फार चिकटत होता, म्हणून मी वरून थोडा थोडा मैदा घालत गेले. कृतीत सगळे माप वाटीचे होते. नेमके कुठे चुकते?

उत्तर : चूक तुम्ही स्वतःच पत्रात लिहिली आहे : वरून घातलेला मैदा. मऊ रोलचे पीठ मळायला घेतल्यावर चिकटच असते आणि ते तसेच असायला हवे. मळणाऱ्याला तो चिकटपणा सहन होत नाही, मूठमूठ मैदा वाढत जातो, गोळा हाताला छान लागू लागतो आणि रोलचा मऊपणा तिथेच संपतो. भाजताना पाण्याचा काही अंश वाफ होऊन जाणारच असतो. मुळात पाणी कमी असेल, तर भाजून झाल्यावर आत मऊ राहण्यापुरता ओलावा उरत नाही.

वाटीच्या मापाने ही अडचण आणखी वाढते. डब्यात वाटी बुडवून भरलेला मैदा आणि चमच्याने अलगद भरलेला मैदा यांच्या वजनात सहज पाचव्या हिश्श्याचा फरक पडतो. म्हणून स्वयंपाकघरात एखादा छोटा वजनकाटा ठेवावा, असा माझा आग्रह आहे. महागड्या साच्यांपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

प्रमाण असे घ्यावे : मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध ३०० मिलिलिटर, अंडे १, साखर ५० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम आणि मऊ झालेले लोणी ६० ग्रॅम. अंडे नको असेल तर दूध सुमारे ४० मिलिलिटर वाढवावे. प्रत्येक मैदा सारखेच पाणी पीत नाही, त्यामुळे सुरुवातीला दोन-तीन चमचे दूध बाजूला ठेवून गोळा पाहून ते घालणे चांगले. दुधातील स्निग्धांश आणि साखर दोन्ही मऊपणाला मदत करतात, मात्र साखर मैद्याच्या दहा टक्क्यांच्या पुढे नेली की यीस्टचे काम मंदावते.

लोणी सोडून सर्व जिन्नस पीठ ओले होण्यापुरतेच कालवावेत आणि परात झाकून वीस मिनिटे तशीच ठेवावी. ही वीस मिनिटे वाया जात नाहीत. मैद्यात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. पाणी मिळाल्यावर ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे जाळे तयार करतात आणि हे काम बरेचसे आपोआप होते. झाकण काढल्यावर तेच पीठ हाताला निराळे लागते, ओढले तर तुटत नाही, लांबते. आता दहा-बारा मिनिटे मळावे. पहिली चार मिनिटे बोटे, तळहात आणि ओटा सगळे माखलेले असते, आणि नेमक्या याच वेळी मैद्याच्या डब्याकडे हात जातो. तो आवरावा. हाताला तेलाचा थेंब लावावा किंवा पसरट पट्टीने पीठ ओट्यावरून सोडवून पुन्हा गोळा करावे. पाचव्या-सहाव्या मिनिटाला पीठ ओट्याला सोडू लागते.

मग लोण्याचे छोटे तुकडे एकेक करून घालावेत. लोणी पडताच गोळा फुटल्यासारखा होतो, निसरडा होतो, सगळे बिघडले असे वाटते. पण तीन-चार मिनिटे मळत राहिल्यास तो पुन्हा एकजीव होऊन तुकतुकीत दिसू लागतो. लोणी सुरुवातीला न घालण्याचे कारण असे, की स्निग्धांश पिठाच्या कणांवर बसला तर ग्लुटेन जुळायला वेळ लागतो. शेवटी लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी हळूहळू ताणून पाहावा. न फाटता पलीकडचा उजेड दिसण्याइतका पातळ पडदा आला, की मळणे पूर्ण झाले. गोळा या टप्प्यावरही बोटाला किंचित चिकटतो, पण बोट उचलल्यावर मागे पीठ राहत नाही.

प्रश्न : कृतीत सांगितल्याप्रमाणे मी एक तास आणि मग अर्धा तास असे घड्याळ लावून पीठ फुगवतो. तरीही रोल एकदा आतून गच्च होतात, तर एकदा कोरडे होऊन त्यांचा भुगा पडतो. यीस्ट खराब असेल का?

उत्तर : यीस्ट खराब असते तर पीठ कधीच फुगले नसते. बदलते ते तापमान. यीस्ट हा सजीव आहे. २६ ते २८ अंश सेल्सिअसला तो एका तासात जे काम करतो, त्याला थंड खोलीत दोन तासही लागू शकतात, आणि उकाड्यात तेच चाळीस मिनिटांत आटोपते. त्यामुळे कृतीतील वेळ हा अंदाज समजावा आणि लक्ष पिठावर ठेवावे.

पहिल्या वेळी पीठ दुप्पट होईपर्यंत थांबावे. उभ्या, सरळ भिंतीच्या भांड्यात ठेवले आणि बाहेरून खूण केली, तर दुप्पट म्हणजे किती याचा वाद राहत नाही. रोल वळून ट्रेमध्ये ठेवल्यानंतरची दुसरी फुगवण जास्त नाजूक असते. कोरड्या मैद्यात बुडवलेल्या बोटाने रोलच्या कडेला हलकेच दाबावे. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू आणि अर्धवट भरला तर ट्रे ओव्हनमध्ये जाऊ द्यावा. मुळीच भरला नाही आणि रोल खचल्यासारखा वाटला तर उशीर झाला आहे. तुमचे गच्च रोल पहिल्या अवस्थेत भाजले गेले असावेत आणि भुगा पडणारे तिसऱ्या. जास्त फुगलेल्या पिठातील जाळे ताणून ताणून दुबळे होते, आतील छिद्रे मोठी आणि ओबडधोबड होतात आणि चवीला आंबूसपणा येतो.

दूध कोमट म्हणजे बोटाला जेमतेम ऊब लागेल इतकेच असावे. साधारण ५५ ते ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरते, म्हणून उकळलेले दूध पुरेसे निवल्याशिवाय घालू नये. वेळ हाताशी नसेल तर पहिली फुगवण फ्रिजमध्ये रात्रभर करावी. माझ्या मते चव तशीच जास्त चांगली येते आणि थंड गोळा वळायलाही सोपा जातो.

प्रश्न : रोल वरून कडक होतात आणि चारही कडांनीही. विकतच्या रोलच्या कडा मात्र कापसासारख्या सुटतात. त्यासाठी पिठात काही वेगळे घालतात का?

उत्तर : कडा मऊ होण्याचे रहस्य पिठात नसून ट्रेमधील अंतरात आहे. ज्या बाजूला कोरडी गरम हवा लागते तिथे कवच तयार होते. रोल एकमेकांना चिकटून फुगले तर त्यांच्या बाजूंना ती हवा लागतच नाही. वर दिलेल्या प्रमाणात ४८ ग्रॅम वजनाचे साधारण वीस गोळे होतात. ते ३३ बाय २३ सेंटिमीटरच्या खोलगट ट्रेमध्ये चार-पाचच्या रांगांत, मध्ये सुमारे एक सेंटिमीटर जागा सोडून ठेवावेत. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात. भाजून झाल्यावर दोन रोल हाताने अलग केले, की मधली बाजू रेषारेषांनी, जणू पापुद्रे सुटावेत तशी उलगडते. तशी ती उलगडली तर मळणे आणि फुगवणे दोन्ही जमले असे समजावे.

गोळा वळताना कडा खाली दुमडून तळाशी चिमटाव्यात आणि कोरड्या ओट्यावर, तळहाताची खोलगट वाटी करून, गोल फिरवावे. पृष्ठभाग ताणला गेला की रोल पसरण्याऐवजी वर चढतात.

ओव्हन १८० अंशांना आधी पुरता तापवून १८ ते २२ मिनिटे भाजावे. रंग यायला वेळ लागतो म्हणून आच कमी ठेवून तासभर भाजणारे मी पाहिले आहेत. इतक्या वेळात आतील ओलावाही निघून जातो. टोचायचा थर्मामीटर असेल तर मधल्या रोलच्या पोटात ८८ ते ९३ अंश दिसताच ट्रे बाहेर काढावा. रोल गरम असतानाच वरून वितळलेले लोणी लावावे आणि सुती फडके अलगद टाकून दहा मिनिटे ठेवावेत. आतून येणारी वाफ कवचात मुरते आणि ते नरम पडते. त्यानंतर मात्र रोल जाळीवर काढावेत, नाहीतर तळ ओला होतो.

प्रश्न : केलेल्या दिवशी रोल लुसलुशीत असतात. शिळे होऊ नयेत म्हणून मी ते डब्यात घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवते, तरी दुसऱ्या दिवशी कडक होतात. ओलावा जातो कुठे?

उत्तर : ओलावा डब्यातच असतो. ज्याँ-बाप्तिस्त बुसिंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच प्रयोगाने दाखवले होते, की पाणी अजिबात उडू दिले नाही तरी ब्रेड शिळा होतो, आणि पुन्हा तापवला की ताजा होतो. भाजताना मैद्यातील पिष्टाचे (स्टार्चचे) कण पाणी शोषून फुगतात आणि मऊ होतात. गार झाल्यावर त्या पिष्टाचे रेणू हळूहळू पुन्हा शिस्तीत लागू लागतात आणि घट्ट होतात. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने चालते. म्हणजे रोल जपण्यासाठी निवडलेली जागाच त्यांना लवकर कडक करत होती.

दोन दिवसांत संपणार असतील तर ते पूर्ण गार झाल्यावर बंद डब्यात बाहेरच ठेवावेत. हवा फार दमट असेल तर बुरशीकडे लक्ष ठेवावे. जास्त दिवसांसाठी त्याच दिवशी, हवा न राहील अशा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना ठेवावेत. तिथे ही क्रिया जवळजवळ थांबते.

ताजेपणा एक दिवस वाढवण्याचा आणखी एक उपाय पीठ भिजवतानाच करता येतो. पूर्व आशियात तो रूढ आहे आणि तांगझोंग या नावाने ओळखला जातो. वरच्याच प्रमाणातील २५ ग्रॅम मैदा आणि १२५ मिलिलिटर दूध छोट्या पातेल्यात एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळावे. सुमारे ६५ अंशांना मिश्रण दाट होते आणि चमचा फिरवल्यावर मागे तळाला रेघ उमटू लागते. तेवढ्यावर उतरवून, पूर्ण निववून बाकीच्या जिन्नसांत घालावे. शिजलेले पिष्ट कच्च्या पिष्टापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवते, त्यामुळे एकूण दूध २०-३० मिलिलिटर वाढवूनही गोळा हाताळता येतो. पहिल्या प्रश्नातील चिकट पिठाची ज्यांना धास्ती वाटते, त्यांनीही हा मार्ग अवश्य वापरून पाहावा.

फ्रीझरमधील रोल खोलीच्या तापमानाला आणून, फॉइलमध्ये गुंडाळून, १५० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटे ठेवावेत. आतील भाग ६० अंशांच्या पुढे गेला की पिष्ट पुन्हा सैल होते आणि रोल मऊ होतात. मात्र ते गार होताना पहिल्यापेक्षा लवकर घट्ट होतात, म्हणून जेवढे लागतील तेवढेच तापवावेत.