टेस्टोस्टेरॉन कमी असताना वृषणाच्या इलास्टोग्राफीतून काय कळते?

रक्तातील टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) कमी आल्यावर डॉक्टरांनी वृषणांची इलास्टोग्राफीसह सोनोग्राफी सुचवली आहे आणि तीतून कारण निश्चित होईल का, असे आपण विचारले आहे. सोनोग्राफी करणारा डॉक्टर या नात्याने सांगतो: दिशा कधीकधी मिळते, निदान होत नाही.

इलास्टोग्राफी ऊतींचा कडकपणा मोजते. शिअर वेव्ह पद्धतीत प्रोबमधून (त्वचेवर टेकवायच्या उपकरणातून) सोडलेल्या ध्वनिस्पंदामुळे ऊतींत सूक्ष्म आडव्या लहरी उमटतात. त्या कडक ऊतींत वेगाने आणि मऊ ऊतींत सावकाश सरकतात, आणि त्या वेगावरून यंत्र किलोपास्कलमध्ये आकडा देते. निरोगी वृषण मुळातच मऊ असल्यामुळे प्रोब किंचित दाबला गेला तरी आकडा फुगतो, म्हणून भरपूर जेल लावून, वृषणाचे कठीण बाह्य आवरण टाळून, आतल्या भागाची मोजमापे मी अनेकदा घेतो.

खरी अडचण मात्र शरीररचनेत आहे. वृषणाचा बहुतांश भाग शुक्राणू तयार करणाऱ्या नलिकांनी व्यापलेला असतो, तर टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी त्या नलिकांमधल्या थोड्याशा जागेत असतात. त्यामुळे कडकपणाचा आकडा मुख्यतः नलिकांची अवस्था सांगतो, संप्रेरकाची नव्हे. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्त (४७,एक्सएक्सवाय) असताना, नलिका नष्ट होऊन तंतुमय ऊती वाढतात आणि वृषणे लहान व टणक होतात. प्रौढात साधारण १५ ते २५ मिलिलिटर अपेक्षित असलेले आकारमान तिथे बहुधा ५ मिलिलिटरच्याही खाली असते. अशा वेळी इलास्टोग्राफीत कडकपणा वाढलेला दिसू शकतो, पण (खरे सांगायचे तर) अनुभवी डॉक्टरच्या बोटांना तो बहुतेकदा आधीच जाणवलेला असतो, आणि निदान गुणसूत्र तपासणीनेच होते.

दोष मेंदूतील पीयूषिका ग्रंथीत असेल तर वृषणे लहान असूनही कडक नसतात, म्हणून आकडा सामान्य आला तरी संप्रेरके सामान्य आहेत असे समजू नये. दोष कुठे आहे याचा खुलासा सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी मोजलेले टेस्टोस्टेरॉन आणि त्यासोबतचे एलएच व एफएसएच (पीयूषिकेतून येणारी, वृषणांना चालना देणारी संप्रेरके) करतात: वृषणातच बिघाड असेल तर ही दोन्ही वाढलेली असतात, पीयूषिकेत असेल तर कमी, किंवा टेस्टोस्टेरॉन घटलेले असूनही सामान्य मर्यादेतच अडकलेली.

सोनोग्राफी तरीही करून घ्यावी. वृषणांचे आकारमान, व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा), एखादी न जाणवणारी गाठ, हे साध्या कृष्णधवल आणि डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या) चित्रातच दिसते, आणि माझ्या मते अहवालातील ते परिच्छेद किलोपास्कलच्या आकड्यापेक्षा अधिक मोलाचे असतात. निरनिराळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. पुन्हा तपासणी करायचीच झाली तर त्याच यंत्रावर करावी.

टेस्टोस्टेरॉनचे उपचार अजून सुरू झाले नसतील तर हे सारे त्यापूर्वीच उरकावे, कारण बाहेरून दिलेल्या संप्रेरकामुळे एलएच व एफएसएच दबतात, शुक्राणूंची निर्मिती घटते, वृषणे आक्रसतात, आणि मग मूळचा आजार कोणता व औषधाचा परिणाम कोणता हे चित्रावरून वेगळे करणे अवघड होते.