काळा घोड्याजवळची ती लोखंडी इमारत कोणाची होती?

तुम्ही विचारलंय की मुंबईत काळा घोड्याला कोर्टाजवळ ती मोडकळीला आलेली, लोखंडी खांबांची रिकामी इमारत कोणाची आणि आधी तिथे काय होतं. ती एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच जुनं वॉटसन हॉटेल.

जॉन वॉटसन नावाचा इंग्रज कापड व्यापारी होता, त्याने ती बांधून घेतली आणि 1871 मध्ये हॉटेल सुरू झालं. डिझाइन रोलंड ऑर्डिश या इंग्रज इंजिनियरचं. बिडाचे खांब, तुळया सगळं इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईत आणलं आणि इथे जोडलं! प्रवेश मात्र फक्त गोऱ्यांना. जमशेटजी टाटांना आत सोडलं नाही म्हणून त्यांनी ताज बांधलं असं सगळे सांगतात, त्याला पक्का पुरावा नाही, पण 1903 मध्ये ताज उघडल्यावर वॉटसनचा थाट उतरला हे खरं.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. 7 जुलै 1896 ला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा इथे दाखवला, तिकीट एक रुपया. तो बघून सावेदादा म्हणजे फोटोग्राफर हरिश्चंद्र भाटवडेकर इतके भारावले की त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती शूट केली. आपल्या सिनेमाचं मूळ या भिंतींमध्ये आहे हो.

पुढे हॉटेल बंद पडलं, मालक बदलले, मधे काही काळ महेंद्र मॅन्शन असं नाव होतं, मग एस्प्लनेड. खोल्यांचे तुकडे करून भाड्याने दिले. लहानपणी वडिलांबरोबर जमिनीच्या केससाठी मी तिथे एका वकिलांकडे जायचो, लाकडी जिना करकरायचा, प्लायवूडची पार्टिशनं, टाइपरायटरचा आवाज, आणि मधेच एखादा नक्षीचा खांब पार्टिशनमधून अर्धा बाहेर आलेला. कोर्ट जवळ म्हणून वकिलांना जागा सोयीची आणि भाडं जुनं, त्यामुळे दुरुस्तीवर खर्च कोणी करायचा यावर मालक आणि भाडेकरू यांचं कधी जमलंच नाही, माझ्या मते इमारत त्यातच गेली. 2005 मध्ये बाल्कनी कोसळून एक माणूस गेला. 2019 मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने रिकामी केली, आयआयटीचा अहवाल म्हणाला पाडा, संवर्धनवाले आर्किटेक्ट म्हणाले वाचू शकते.

मी दुसऱ्या बाजूचा आहे. सांगाडा सुटा सुटा आणून जोडलेला आहे, मग खराब झालेला भाग काढून नवीन ओतून बसवता का येऊ नये? आणि खालच्या मजल्यावर सावेदादांच्या नावाने एक छोटं थिएटर करा.