आईचं सोनं मोडून कॉम्प्युटरची सीट घ्यावी का?

प्रश्न : मी कागल तालुक्यातली, ओबीसी प्रवर्गातली. कोल्हापुरातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॅप फेरीतून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) इलेक्ट्रॉनिक्स मिळालंय. तिथंच मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर मिळतंय, फी वर्षाला १,४०,००० रुपये. घरी ऊस आणि दोन म्हशी, उत्पन्न ८ लाखांच्या आत. आई म्हणते, सोनं मोडू. बाबा म्हणतात, कर्ज काढू. काय करू?

उत्तर : सोनं मोडू नका आणि कॅपची सीट सोडू नकोस.

२०२४-२५ पासून राज्य सरकारनं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यात गेलीस की ही माफी गेली. शाखा बदलण्यासाठी तू चार वर्षांची ५,६०,००० रुपयांची फी अंगावर घेशील.

एवढ्या रकमेचं कर्ज १० टक्क्यांनी काढलं, तर शिक्षणाची चार वर्षं आणि पुढची एक वर्षाची हप्ते न भरण्याची सवलत धरून सरळव्याजानं जवळपास १,९६,००० रुपये व्याज चढतं. मग दहा वर्षं महिन्याला सुमारे १०,००० चा हप्ता. पहिल्या नोकरीच्या पगारातून खोलीभाडं, मेस आणि हा हप्ता भागवताना घरी पाठवायला काही उरत नाही. गावाकडच्या मुलींना हाच ताण सगळ्यात जास्त पोखरतो, म्हणून मी इतक्या ठामपणे सांगतेय.

कॉम्प्युटरची तुझी ओढ खरी आहे. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेताना जादा विषयांचे क्रेडिट्स करून कॉम्प्युटरमधली मायनर (मुख्य पदवीच्या जोडीची दुय्यम) पदवी करता येते. तुझ्या कॉलेजात ती आहे का, प्रवेशाआधी विचार. दुसऱ्या वर्षी शाखाबदलही होतो, पण जागा रिकामी असेल आणि गुण चांगले असतील तरच. त्याच्या भरवशावर राहू नकोस.

माफीनंतरही विकास शुल्क, पुस्तकं, लॅपटॉप हा खर्च उरतोच. उसाचं बिल आलं की ते कॉलेजच्या एकरकमी खर्चाला ठेवा. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी हातात पडतं; त्यातून तुझा महिन्याचा खर्च निघावा. कागलहून रोज एसटीनं येणं जमत असेल, तर विद्यार्थी पासाला भाड्याच्या एक तृतीयांशच पैसे पडतात. पहिल्या वर्षी वसतिगृह टाळता आलं तर टाळ.

एवढं करूनही कमी पडलं तर तेवढ्याच रकमेचं शैक्षणिक कर्ज काढ. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, म्हणजे सोन्याला हात लावायची वेळ येत नाही. शिकतानाच व्याज भरत राहिलीस तर मुद्दल फुगणार नाही.

या आठवड्यात तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढ, नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचा) दाखलाही काढ, बँक खातं आधारशी जोड, महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती संकेतस्थळावर माफीचा अर्ज भर. हा अर्ज दरवर्षी नव्यानं मंजूर करून घ्यावा लागतो. दुसऱ्या वर्षी राहून गेला तर फी घरावर येते.