वेगाआधी सातत्य : मोटरसायकल रेसिंगच्या करिअरबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत रोड रेसिंगकडे (डांबरी ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींकडे) व्यवसाय म्हणून पाहणाऱ्या वाचकांची आणि त्यांच्या पालकांची बरीच पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे. दोन वर्षं मिनीबाइकवर रेस करतोय. आता त्याला मोठी, जास्त ताकदीची बाइक हवी आहे. द्यावी का?

एवढ्यात नको. लहान इंजिनाच्या बाइकवर सरळ पट्ट्यात वेळ भरून काढता येत नाही. वळणात वाया घालवलेला प्रत्येक किलोमीटरचा वेग लॅपच्या वेळेत उघडा पडतो, आणि म्हणूनच मूल वळण घ्यायला शिकतं. ताकदवान बाइकवर नेमकं उलटं होतं. उशिरा ब्रेक मारायचा, वळण कसंबसं उरकायचं आणि थ्रॉटल पिळून वेळ परत मिळवायचा, ही सवय पंधराव्या वर्षापर्यंत हाडीमासी भिनते. मग ती सोडवताना दोन-दोन मोसम जातात.

एफआयएमची, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाची, मिनीजीपी मालिका २०२१ पासून चालते. तिथे या वयाची मुलं १६० सीसीच्या, एकाच बनावटीच्या छोट्या बाइकवर लढतात. त्यापुढची पायरी म्हणजे टॅलेंट कप, कनिष्ठ रायडरांच्या मालिका. आशियातला २०१४ मध्ये सुरू झाला. त्यानंतर २००७ पासून चाललेला रेड बुल रूकीज कप. रूकीज कपमध्ये सगळ्यांना सारख्या केटीएम २५० सीसी बाइक आयोजकच देतात, त्यामुळे वडिलांच्या खिशापेक्षा मुलाचा हात दिसतो. २०१४ सालचा तिथला विजेता होर्हे मार्टिन दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, मोटोजीपीचा, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च वर्गाचा, जगज्जेता झाला. २०२० चा विजेता पेद्रो अकोस्ता २०२१ ला मोटो३ आणि २०२३ ला मोटो२ हे खालचे वर्ग जिंकून २०२४ मध्ये मोटोजीपीत पोचला. घाई करायचं कारणही आता उरलेलं नाही. या तिन्ही, म्हणजे ग्रां प्री वर्गांसाठी २०२३ पासून किमान वय सर्वसाधारणपणे १८ केलं आहे, कनिष्ठ मालिकांच्या विजेत्यांना तेवढी सवलत मिळते.

बाइक बदलायची वेळ झाली का, हे तपासायला एक साधी चाचणी आहे. कुणाच्याही मागे न लागता त्याला सलग दहा लॅप मारू द्या आणि घड्याळ लावा. सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ लॅपमध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक असेल, तर कमतरता बाइकच्या ताकदीत नाही. एक लॅप चमकदार आणि पुढचे तीन ढिसाळ, अशा मुलाला मोठी बाइक दिली की तो फक्त जास्त जोरात पडतो. सरावाचं सत्र पंधरा मिनिटांपेक्षा लांबवू नका, आणि एका सत्रात एकच गोष्ट सुधारायची: ब्रेक सोडण्याची जागा, नाहीतर नजर, नाहीतर पायाची ठेवण. वाढत्या वयात सूट दर मोसमाला अंगावर चढवून बघा. सैल सूटमध्ये पडताना कोपराचं आणि गुडघ्याचं संरक्षक पॅड जागेवरून सरकतं आणि ऐन वेळी भलतीकडेच असतं.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा आहे. रस्त्यावर भरपूर चालवतो, ट्रॅकवर चार-पाच वेळा गेलोय. व्यावसायिक रेसर होता येईल का?

ग्रां प्रीचं दार तुमच्यासाठी जवळजवळ बंद आहे. तिथे विसाव्या वर्षी आलेला मुलगा दहा-बारा वर्षं रेस करून आलेला असतो. मार्क मार्केस २०१३ मध्ये मोटोजीपी जिंकला तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि १२५ सीसीचं जगज्जेतेपद त्याआधी तीन वर्षं त्याच्या नावावर होतं.

पण उत्पादन-बाइकवर, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या बाइकवर, आधारलेल्या मालिकांचं तसं नाही. ऑस्ट्रेलियाचा ट्रॉय बेलिस उशिरा या धंद्यात उतरला. त्याने २००१, २००६ आणि २००८ अशी तीन वेळा सुपरबाइकची जागतिक स्पर्धा जिंकली, शेवटची एकोणचाळिसाव्या वर्षी. २००६ मध्ये तर जखमी रायडरच्या जागी बोलावल्यावर त्याने व्हॅलेन्सियाची मोटोजीपी शर्यतही मारली. तो अपवाद होता, पण वाट खरी आहे: क्लबची शर्यत, राष्ट्रीय मालिकेतला छोटा वर्ग, मग सुपरबाइकखालचा सुपरस्पोर्ट वर्ग. एन्ड्युरन्सकडेही लक्ष ठेवा. आठ किंवा चोवीस तासांच्या शर्यतीत दोन-तीन रायडर एकच बाइक आळीपाळीने चालवतात. तिथे संघाला न पडणारा, रात्रीसुद्धा एकाच वेळेचे लॅप मारत राहणारा माणूस हवा असतो.

रस्त्यावरचा अनुभव मात्र खात्यात धरू नका. रस्त्यावर लागलेली, वळणाआधीच ब्रेक पूर्ण सोडून देण्याची सवय ट्रॅकवर पहिल्यांदा मोडावी लागते. तिथे ब्रेक वळणात शिरताना हळूहळू सोडायचा असतो, म्हणजे फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) दबलेला राहतो आणि पुढच्या टायरवर भार टिकतो. ब्रेक एकदम सोडला की फोर्क उसळतो, टायरवरचा भार जातो आणि बाइक बाहेर धावते.

प्रश्न : पाच-सहा लॅपनंतर उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत दगडासारखा होतो. ब्रेकवरची बोटं उघडत नाहीत. व्यायाम वाढवला तर उलट जास्त त्रास झाला. उपाय काय?

याला रायडर 'आर्म पंप' म्हणतात. या भागातल्या स्नायूंभोवती एक चिवट आवरण असतं आणि ते फारसं ताणलं जात नाही. जोर लावल्यावर स्नायूत रक्त भरतं, स्नायू फुगतो, आवरणाच्या आत दाब वाढतो, आणि रक्त परत नेणाऱ्या शिरा दबतात. मग रक्त येत राहतं, जात नाही. उजव्या हाताला थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक दोन्ही सांभाळायचं असल्याने बहुतेकांना त्रास तिथेच होतो. हाताच्या व्यायामाने स्नायू आणखी जाड झाला, आवरण तेवढंच राहिलं. म्हणून तुमचं दुखणं वाढलं.

शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी या गोष्टी याच क्रमाने तपासा. पहिली, सूटची बाही. सूट घालून मूठ घट्ट आवळा. कोपराखाली चामडं रुतत असेल तर अर्धं उत्तर तिथेच आहे. ग्लोव्हचा मनगटावरचा पट्टाही करकचून ओढू नका. दुसरी, लीव्हरचा कोन. रेसच्या पवित्र्यात बसा, ब्रेकवर बोटं ठेवा आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत एक सरळ रेघ दिसायला हवी. मनगट वर मुडपलेलं असेल तर लीव्हर थोडी खाली फिरवा. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पाय. जोरात ब्रेक मारताना शरीराचा भार हातांवर येत असेल, तर कुठलाही उपाय टिकत नाही. गुडघे आणि मांड्या टाकीला आवळून भार तिथे घ्यायचा. टाकीच्या दोन्ही बाजूंना खरबरीत रबरी पॅड लावा. सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक मारताना डाव्या हाताची बोटं हँडलवर सहज हलवता येतात का, पाहा. येत नसतील तर तुम्ही हँडलला लटकलेले आहात. चौथी, श्वास. ब्रेक मारताना श्वास रोखला जातो, आणि रायडरला ते कळतही नाही.

एवढं करूनही त्रास राहिला तर स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरकडे जाऊन व्यायामाआधी आणि नंतर स्नायूतला दाब मोजून घ्या. व्यायाम थांबवल्यावर एका मिनिटाने तो पाऱ्याच्या ३० मिलीमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर निदान पक्कं धरतात. शस्त्रक्रियेत ते आवरण चिरून मोकळं करतात. २०२१ मध्ये मोटोजीपी रायडर फाबिओ क्वार्तारारो स्पेनमधल्या हेरेथच्या शर्यतीत आघाडीवर होता, हात आखडला आणि तो तेराव्या क्रमांकावर घसरला. लगेच शस्त्रक्रिया झाली, दोन आठवड्यांनी ल मान्सला तो तिसरा आला आणि त्या वर्षी जगज्जेता झाला. पण २०१९ मध्ये त्याची हीच शस्त्रक्रिया आधी एकदा झालेली होती. त्रास परत येऊ शकतो, हे धरूनच निर्णय घ्या.

प्रश्न : संघात घेताना 'फीडबॅक चांगला हवा' असं सांगतात. बाइकला तर डझनभर सेन्सर असतात, मग रायडरने सांगायचं काय?

सेन्सर काय घडलं ते सांगतो. रायडरला काय जाणवलं आणि त्यामुळे त्याने हात कुठे आखडता घेतला, हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. 'पुढचं चाक बरोबर वाटत नाही' या वाक्यावर क्रू चीफला, म्हणजे बाइकच्या मुख्य तंत्रज्ञाला, काहीही करता येत नाही. वळणाचे चार तुकडे करा: सरळ ब्रेकिंग, ब्रेक सोडत आत शिरणं, थ्रॉटल बंद असतानाचा मधला भाग आणि बाहेर पडणं. मग सांगा : कोणतं वळण, कोणता तुकडा, पुढचं टोक की मागचं, कितव्या लॅपपासून, आणि मागच्या सत्रापेक्षा बरं की वाईट.

उदाहरण घ्या. बाहेर पडताना बाइक रुंद, म्हणजे ठरल्या रेषेबाहेर, जाते. थ्रॉटल उघडल्यावर मागचा भाग जास्त बसला की पुढच्या टायरवरचा भार उतरतो, फोर्क लांबतो आणि बाइक वळायला नकार देते. मग मागच्या स्प्रिंगचं प्रीलोड (तिला आधीच दिलेला दाब) किंवा कॉम्प्रेशन डॅम्पिंग (दबण्याला होणारा विरोध) थोडं वाढवायचं. पण थ्रॉटल उघडण्याआधीच बाइक रुंद जात असेल, तर दोष मागच्या सस्पेन्शनचा नाहीच. तुम्ही आत जास्त वेगाने शिरताय, किंवा ब्रेक एकदम सोडताय. रायडरने तुकडा चुकीचा सांगितला की गॅरेजमध्ये चुकीचा स्क्रू फिरतो आणि सगळा सराव वाया जातो. एका वेळी एकच बदल करा. दोन केले आणि बाइक सुधारली, तर कशाने ते कधीच कळत नाही.

घरच्या घरी शिकायला फोर्कच्या चकचकीत नळीवर एक प्लॅस्टिकचा झिप टाय घट्ट न आवळता बांधा. सत्रानंतर तो जिथे थांबला असेल, तिथवर फोर्क दबला होता. तो दर वेळी अगदी तळाशी सापडत असेल तर फोर्क पूर्ण दबून आपटतोय, आणि ब्रेकिंगला पुढचं चाक उड्या मारतंय असं जे वाटतं त्याचं कारण हातात आलं.

हे ज्ञान शर्यत जिंकून देतं. मोटोजीपीत पुढच्या टायरचा दाब किमान १.८० बार लागतो, तोही मुख्य शर्यतीच्या ६० टक्के लॅपमध्ये. नियम मोडला तर १६ सेकंदांची शिक्षा. समोर कुणी नसेल तर थंड हवा टायरवर थेट आदळते आणि दाब उतरतो. कुणाच्या मागे राहिलं की टायर तापतो, दाब चढतो. २०२५ च्या मोसमाच्या पहिल्याच शर्यतीत, थायलंडच्या बुरिरामला, आघाडीवर असलेल्या मार्क मार्केसने मुद्दाम भाऊ अ‍ॅलेक्सला पुढे जाऊ दिलं, बहुतेक शर्यत त्याच्या मागे काढली आणि शेवटचे तीन लॅप उरले असताना परत पुढे जाऊन जिंकला.

प्रश्न : कॉलरबोन मोडल्यावर किती दिवसांत परत बसता येतं?

तुम्हाला बहुधा मोटोजीपी रायडर होर्हे लोरेन्सो आठवतोय. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या आसेनच्या ट्रॅकवर गुरुवारी त्याची कॉलरबोन मोडली, बार्सिलोनाला जाऊन त्याने धातूची पट्टी आणि स्क्रू बसवून घेतले आणि शनिवारी शर्यतीत पाचवा आला. ही गोष्ट सगळे सांगतात. तिच्याबरोबर दुसरीही सांगायला हवी. १९ जुलै २०२० ला हेरेथला मार्क मार्केसच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी तो बाइकवर बसला. पुढे ती पट्टी मोडली. तो अख्खा मोसम गेला, हाडाला संसर्ग झाला, २०२२ पर्यंत एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या. पुढचं जगज्जेतेपद यायला २०२५ उजाडलं.

पट्टी हाडाला जागेवर धरते, जोडत नाही. हाड स्वतःच्या वेळेत जुळतं, आणि तोवर ब्रेकिंगचा सगळा भार धातू सोसतो. एक्स-रे मध्ये जुळणी दिसल्याशिवाय बसू नका. बसण्याआधी दंड-बैठकांतले दंड वेदनेशिवाय निघायला हवेत. डोक्याला मार असेल तर नियम आणखी कडक: उलटी, धूसर दिसणं, प्रकाश न सोसणं, घटना न आठवणं यातलं एकही लक्षण असेपर्यंत ट्रॅक बंद. हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी बाद करा. आतला फोम एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही.

प्रश्न : उंची १८१ सेंटिमीटर आहे. जास्त होते का?

व्हॅलेंटिनो रॉस्सी साधारण तेवढाच उंच होता. मोटो३ मध्ये बाइक आणि रायडर मिळून किमान १५२ किलो धरतात, त्यामुळे हलक्या मुलाला वजन जोडावं लागतं. १००० सीसीच्या मोटोजीपीत मात्र बाइकचंच किमान वजन १५७ किलो आहे, रायडरचं मोजत नाहीत. तिथे उंच माणसाला तोटा होतो. उपाशी राहून तो भरून काढू नका, शेवटच्या पाच लॅपमध्ये एकाग्रता तुटते. फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) आणि सीटची जागा बदलून घ्या.

प्रश्न : पहिल्या करारात काय पाहायचं?

खालच्या वर्गांत अनेक रायडर स्वतःचे प्रायोजक घेऊन येतात, म्हणजे पगार सोडाच, जागा मिळवायला पैसा आणावा लागतो. म्हणून सहीआधी चार कलमं वकिलाकडून वाचून घ्या : पडल्यावर तुटलेल्या फेअरिंग (बाइकचं बाहेरचं आवरण), हँडल, फूटपेगचा खर्च कोणाचा, जखमी असताना जागा किती शर्यती राखून ठेवणार, परदेशातला उपचार आणि घरी परत आणण्याचा खर्च कोण करणार, आणि सूट व हेल्मेटवरची कोणती जागा तुमच्या स्वतःच्या प्रायोजकासाठी मोकळी आहे. हे शेवटचं कलम नवखे वाचतच नाहीत, आणि मग हेल्मेट कंपनीशी बोलायला गेल्यावर विकायला काही उरलेलं नसतं.

प्रश्न : निवृत्तीनंतर काय?

प्रशिक्षक, समालोचक, संघ व्यवस्थापक, आणि ज्यांचा फीडबॅक पक्का आहे त्यांच्यासाठी टेस्ट रायडर. दानी पेद्रोसा २०१८ च्या अखेरीस निवृत्त झाला आणि केटीएमची बाइक घडवायला लागला. २०२३ मध्ये इटलीतल्या मिसानोला त्याला वाइल्ड कार्ड, म्हणजे त्या फेरीपुरता प्रवेश, मिळालं. स्प्रिंटमध्ये, म्हणजे आदल्या दिवशीच्या छोट्या शर्यतीत, तो चौथा आला आणि दुसऱ्या दिवशी मुख्य शर्यतीतही चौथाच.